धावपटूचा घाम आणि भाईंदरची मिठागरे

रविवारी पहाटे भाईंदर पश्चिमेहून उत्तनकडे निघालात, तर मुर्धा, राई, मोर्वा ही गावे मागे टाकत जाणाऱ्या रस्त्यावर तुम्हाला धावण्याचा सराव करणारी माणसे दिसतील. त्यांत काही नवशिके असतात. त्यांची प्रगती झपाट्याने होते. पहिल्या महिन्यात १० किलोमीटरला ७० मिनिटे लागली, तर चार-सहा महिन्यांनी ६० मिनिटे लागतात. पण जो १५ वर्षे धावतो आहे, ज्याने चाळिशी गाठली आहे, अशा मुरलेल्या धावपटूचे काय? त्याचे हृदय, फुप्फुसे आणि पायांचे स्नायू सरावाने जेवढे तयार व्हायचे तेवढे बहुतेक झालेले असतात. समजा, १० किलोमीटरला ४० मिनिटे हा त्याचा स्वतःचा उच्चांक आहे. आता त्याला ३९ मिनिटे ५५ सेकंदांत अंतर कापायचे आहे. फक्त ५ सेकंद कमी करायचे! पण हे ५ सेकंद आणायचे कोठून?

“आणखी जोर लावायचा” हे उत्तर चटकन सुचते. ते अपुरे आहे आणि प्रसंगी धोक्याचेही आहे. खरे उत्तर शोधण्यासाठी आपल्याला शाळेत शिकलेली उष्णता, बाष्पीभवन आणि आर्द्रता ही प्रकरणे पुरेशी आहेत. एवढेच नव्हे, तर उत्तराचा एक भाग त्या रस्त्याच्या परिसरातच आहे. तो म्हणजे भाईंदरची मिठागरे.

चालती शेगडी

सपाट रस्त्यावर धावताना शरीराच्या दर किलोग्रॅम वस्तुमानामागे दर किलोमीटरला सुमारे १ किलोकॅलरी, म्हणजे ४.२ किलोजूल ऊर्जा खर्च होते. गंमत अशी की, सावकाश धावा की जोरात, एका किलोमीटरचा हा खर्च फारसा बदलत नाही. बदलतो तो खर्चाचा वेग.

आपल्या धावपटूचे वस्तुमान ६० किलोग्रॅम आहे असे धरू. एका किलोमीटरला त्याला सुमारे २५० किलोजूल लागतील आणि १० किलोमीटरला २५०० किलोजूल. स्नायू हे काही फार कार्यक्षम यंत्र नव्हे. खर्च झालेल्या ऊर्जेपैकी निदान तीन चतुर्थांश ऊर्जेची थेट उष्णता होते. म्हणजे शर्यतीत एकूण १८७५ किलोजूल उष्णता निर्माण होणार. ४० मिनिटे म्हणजे २४०० सेकंद. भागाकार केला की उत्तर येते सुमारे ७८० वॅट. पाणी तापवण्याची एखादी लहान विजेची शेगडी पोटात ठेवून हा माणूस धावतो आहे असे म्हणायला हरकत नाही!

ही उष्णता बाहेर पडलीच नाही तर काय होईल? शरीराची विशिष्ट उष्णता दर किलोग्रॅमला, दर अंश सेल्सिअसला सुमारे ३.५ किलोजूल असते. म्हणून ६० किलोग्रॅमच्या शरीराचे तापमान १ अंशाने वाढवायला २१० किलोजूल पुरतात. ७८० वॅटची शेगडी एवढी उष्णता साडेचार मिनिटांत देते. या हिशेबाने ३७ अंशांवर असलेले शरीर १८ मिनिटांत ४१ अंशांवर पोहोचेल, आणि तेव्हा शर्यत निम्मीही झालेली नसेल. ४१ अंश तापमान फार काळ राहिले तर प्राणावर बेतते. प्रत्यक्षात धावपटू ४० मिनिटे धावून हसत घरी जातो, याचा अर्थ बहुतेक उष्णता वाटेतच बाहेर टाकली जाते. ती टाकतो कोण?

एक ग्रॅम घामाची किंमत

उष्णता बाहेर जाण्याच्या वाटा तुम्हाला ठाऊक आहेत. अंगावरून वाहणारा वारा काही उष्णता नेतो, काही प्रारणाने जाते. पण धावताना सर्वांत मोठी वाट असते बाष्पीभवनाची. एक ग्रॅम पाण्याचे तापमान १ अंशाने वाढवायला ४.२ जूल लागतात. पण त्वचेवरच्या एक ग्रॅम घामाची वाफ व्हायला सुमारे २४०० जूल लागतात. हीच बाष्पीभवनाची अप्रकट उष्णता. ती घाम आपल्या त्वचेकडून घेतो आणि त्वचा गार होते.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. थंडावा घाम आल्याने मिळत नाही, घाम वाळल्याने मिळतो. हनुवटीवरून रस्त्यावर टपकलेला थेंब अप्रकट उष्णतेच्या दृष्टीने वाया गेला. शरीरातले पाणी गेले, मीठ गेले, पण उष्णता जागेवरच राहिली.

घाम वाळू दिला नाही तर काय होते, याचे एक दुःखद उदाहरण १९१२ सालच्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये घडले. फ्रान्सिस्को लाझारो हा पोर्तुगालचा मॅरेथॉन धावपटू कडक उन्हात धावता धावता कोसळला आणि दुसऱ्या दिवशी मरण पावला. उन्हापासून रक्षण व्हावे म्हणून त्याने अंगाला मेणासारखा थर लावला होता असे सांगतात. घामाची वाट जणू आतूनच बंद झाली.

मिठागर काय सांगते?

भाईंदरचा परिसर मिठागरांसाठी पूर्वापार प्रसिद्ध आहे. भरतीचे खारे पाणी उथळ वाफ्यांत घ्यायचे, ते उन्हावाऱ्यात आटवायचे आणि शेवटी तळाशी उरलेले मीठ ओढायचे, हा तेथला धंदा. समुद्राच्या एक किलोग्रॅम पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. बाकीचे पाणी हवेने उचलून न्यावे लागते. हवा कोरडी असेल तर ती पाणी भराभर उचलते. पावसाळा आला की हवा बाष्पाने भरते आणि मिठाचा हंगाम संपतो.

धावपटूची त्वचा हेही एक छोटेसे मिठागरच आहे. खारे पाणी, त्यावरून वाहणारी हवा आणि वाळल्यावर बनियनवर उमटणारे मिठाचे पांढरे पट्टे! नियमही तोच. पाणी किती वेगाने वाळेल हे दोन बाष्पदाबांतील फरकावर अवलंबून असते. एक, पाण्याच्या पृष्ठभागाशी असलेल्या संपृक्त बाष्पाचा दाब. आणि दुसरा, हवेत आधीच असलेल्या बाष्पाचा दाब. फरक मोठा असेल तर बाष्पीभवन जलद होते, लहान असेल तर मंद होते.

आता आकडे घालून पाहू. घामाने भिजलेली त्वचा ३५ अंशांवर आहे असे धरा. ३५ अंशांना संपृक्त बाष्पदाब पाऱ्याच्या ४२ मिलिमीटरएवढा असतो.

जानेवारीतील एक पहाट : तापमान २० अंश, सापेक्ष आर्द्रता ८० टक्के. २० अंशांना संपृक्त बाष्पदाब १७.५ मिलिमीटर असतो. त्याचे ८० टक्के म्हणजे १४. फरक : ४२ वजा १४, म्हणजे २८ मिलिमीटर.

मे महिन्यातील एक पहाट : तापमान २८ अंश, सापेक्ष आर्द्रता तीच, ८० टक्के. २८ अंशांना संपृक्त बाष्पदाब २८.३ मिलिमीटर असतो. त्याचे ८० टक्के म्हणजे सुमारे २२.५. फरक : ४२ वजा २२.५, म्हणजे १९.५ मिलिमीटर.

पाहिलेत? दोन्ही दिवशी आर्द्रतेचा आकडा ८० टक्केच आहे. तरी मे महिन्यात घाम वाळवण्याची हवेची ताकद जवळजवळ एक तृतीयांशाने कमी झाली. ‘सापेक्ष’ या शब्दाचा अर्थ येथे उलगडतो. तापमान न सांगता नुसता टक्क्यांचा आकडा सांगणे म्हणजे भांड्याचा आकार न सांगता “भांडे ऐंशी टक्के भरले आहे” असे सांगण्यासारखे आहे.

आणखी एक मौज पाहा. हिवाळ्यातील दुपारी तापमान ३२ अंश आणि आर्द्रता ४० टक्के असेल, तर हवेतील बाष्पदाब सुमारे १४ मिलिमीटरच भरतो. म्हणजे घाम वाळवण्याच्या दृष्टीने ही दुपार जानेवारीच्या पहाटेइतकीच चांगली! मग धावपटू दुपारी का धावत नाहीत? कारण मिठागर आणि धावपटू यांच्यात एक मोठा भेद आहे. मिठागराला बाष्पीभवनासाठी लागणारी उष्णता बाहेरून, सूर्याकडून मिळवावी लागते. धावपटूजवळ ती आधीच नको इतकी आहे. मिठागराला कोरडी हवा आणि ऊन दोन्ही हवे. धावपटूला कोरडी हवा हवी, पण ऊन नको. पहाटे त्वचा आणि हवा यांच्या तापमानात १५ अंशांचा फरक असतो, त्यामुळे वाराही बरीच उष्णता नेतो. दुपारी तो फरक ३ अंशांवर येतो आणि वर सूर्य आपली भर घालतोच.

उष्णतेची जमाखर्चाची वही

आता मूळ प्रश्नाकडे वळू. धावपटूच्या उष्णतेचा हिशेब किराणा दुकानाच्या वहीसारखा मांडता येतो :

शरीरात साठलेली उष्णता = निर्माण झालेली उष्णता – बाहेर गेलेली उष्णता

निर्माण होणारी उष्णता १८७५ किलोजूल ठरलेली आहे, कारण अंतर ठरलेले आहे. शरीराचे तापमान साधारण २ अंशांनी वाढले, म्हणजे ३९ च्या आसपास गेले, तर चांगला धावपटू ते सहन करतो. त्यासाठी सुमारे ४३५ किलोजूल साठवता येतील असे धरू. मग उरलेले १४४० किलोजूल शर्यत संपेपर्यंत बाहेर जायला हवेत. शरीर आणि हवा मिळून दर सेकंदाला ६०० जूल, म्हणजे ६०० वॅट बाहेर टाकत असतील, तर लागणारा वेळ १४४० भागिले ०.६, म्हणजे बरोबर २४०० सेकंद. ४० मिनिटे!

हवा थोडी चिकट झाली आणि ६०० ऐवजी ५५० वॅटच बाहेर जाऊ लागले तर? १४४० भागिले ०.५५ करा. उत्तर येते सुमारे २६१८ सेकंद, म्हणजे ४३ मिनिटे ३८ सेकंद. माणूस तोच, पाय तेच, सराव तोच. पण साडेतीन मिनिटे हवेने खाल्ली.

उलट, ६०० च्या जागी ६०१ वॅट बाहेर गेले तर वेळ येते २३९६ सेकंद. एका वॅटमागे ४ सेकंद! आपल्या धावपटूला हव्या असलेल्या ५ सेकंदांची किंमत जेमतेम सव्वा वॅट आहे. पहाट अर्ध्या अंशाने थंड असली, सावलीच्या बाजूने धावले, बनियन सुती जाड न घालता हलके घातले, तरी एवढी बचत होऊ शकते.

हा नमुना ढोबळ आहे हे विसरू नका. शरीर म्हणजे नुसती किटली नव्हे. तापमान वाढू लागले की रक्ताचा मोठा वाटा थंड होण्यासाठी त्वचेकडे वळतो, त्यामुळे स्नायूंना ते कमी पडते, हृदयाचे ठोके वाढतात आणि मेंदू वेग कमी करायला लावतो. थंड हवेत तर अडसर उष्णतेचा नसून प्राणवायूच्या पुरवठ्याचा असतो. तरीही उकाड्याच्या प्रदेशात सेकंद कोठे हरवतात, हे या वहीवरून चांगले कळते.

तोच माणूस, दोन शर्यती

जिम पीटर्स हा इंग्लंडचा नामांकित मॅरेथॉन धावपटू. जून १९५४ मध्ये, वयाच्या पस्तिशीत, त्याने आपल्या देशात २ तास १७ मिनिटे ३९ सेकंदांत मॅरेथॉन धावून तोपर्यंतची जगातील सर्वोत्तम वेळ नोंदवली. त्यानंतर अवघ्या सहा आठवड्यांनी, ऑगस्टमध्ये, कॅनडातील व्हँकुव्हर येथे तो राष्ट्रकुलातील देशांच्या स्पर्धेत उतरला. ऊन कडक होते. तरी त्याने आपला नेहमीचा वेग सोडला नाही. स्टेडियममध्ये शिरला तेव्हा तो इतरांच्या सुमारे १७ मिनिटे पुढे होता! पण तेथे तो पुन्हा पुन्हा कोसळला, उठला, पुन्हा पडला. शर्यत त्याला पुरी करता आली नाही. त्यानंतर तो शर्यतीत कधीच धावला नाही. सहा आठवड्यांत पाय बदलले नव्हते. वहीतील खर्चाची बाजू बदलली होती.

उलट उदाहरण पोर्तुगालच्याच कार्लोस लोपेसचे. १९८४ च्या ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसच्या उकाड्यात ३७ वर्षांच्या लोपेसने २ तास ९ मिनिटे २१ सेकंदांत ऑलिंपिक मॅरेथॉन जिंकली. पुढच्या एप्रिलमध्ये नेदरलँड्समधील रॉटरडॅमच्या थंड हवेत, वयाच्या ३८ व्या वर्षी, तो २ तास ७ मिनिटे १२ सेकंदांत धावला. ती त्या वेळची जगातील सर्वोत्तम वेळ होती. मार्ग आणि डावपेच वेगळे होते हे खरे. पण वय वाढूनही वेळ दोन मिनिटांनी उतरली यात थंड हवेचा वाटा नाकारता येणार नाही.

आपल्याकडे मुंबई मॅरेथॉनची पहिली शर्यत फेब्रुवारी २००४ मध्ये झाली. पुढे ती जानेवारीत भरू लागली. कोकण किनाऱ्यावर याहून अनुकूल महिना नाही. सातारा जिल्ह्यातील माण तालुक्याच्या मोही गावची ललिता बाबर हिने याच शर्यतीत जानेवारी २०१५ मध्ये २ तास ३८ मिनिटे २१ सेकंद ही आपली उत्तम वेळ नोंदवली. पुढच्या वर्षी रिओ ऑलिंपिकमध्ये तिने ३००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीची अंतिम फेरी गाठली.

मुरलेला धावपटू काय करतो?

पहिली गोष्ट, तो शरीराला उकाड्याची सवय लावतो. रोज थोडा थोडा वेळ उकाड्यात सराव केला की १० ते १४ दिवसांत शरीर बदलते. घाम लवकर सुटू लागतो, अधिक येतो आणि त्यात मीठ कमी असते. रक्तातील द्रवही वाढतो. म्हणून ऑक्टोबरच्या उकाड्यात संयमाने सराव केलेला मीरा-भाईंदरचा धावपटू डिसेंबर-जानेवारीच्या शर्यतीत तयारीने उतरतो.

दुसरी गोष्ट, तो सुरुवातीला हुरळून जात नाही. अमेरिकेतील गणितज्ञ जोसेफ केलर यांनी १९७३ साली न्यूटनचे नियम आणि शरीरातील ऊर्जेचा हिशेब वापरून सर्वांत कमी वेळात अंतर कसे कापावे हे काढले. २९१ मीटरपेक्षा लांब शर्यतीत, सुरुवातीचा वेग घेऊन झाला की जवळजवळ शेवटपर्यंत एकसारख्या वेगाने धावणे सर्वांत फायद्याचे, असे त्यांचे उत्तर आले. केनियाच्या केल्विन किप्टुमने ऑक्टोबर २०२३ मध्ये शिकागो येथे २ तास ३५ सेकंदांत मॅरेथॉन धावून विश्वविक्रम केला, तेव्हा त्याचा पहिला अर्धा भाग ६० मिनिटे ४८ सेकंदांचा आणि दुसरा ५९ मिनिटे ४७ सेकंदांचा होता. दोन तासांच्या धावण्यात फरक जेमतेम एका मिनिटाचा!

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट, तो हवा पाहून आपले लक्ष्य बदलतो. चिकट पहाटे तो घड्याळाशी भांडत नाही. आपल्या वहीतच पाहा. ५०० वॅटच बाहेर जात असताना त्याने ४० मिनिटांचा हट्ट धरला, तर ६७५ किलोजूल अंगात साठतील आणि तापमान ४० अंशांच्या वर जाईल. तेथून उष्माघाताची हद्द सुरू होते.

हे तुमच्यासाठी का महत्त्वाचे?

तुमच्यापैकी कित्येक जण शाळेच्या मैदानी स्पर्धांत धावतात, काही जण पुढे पोलीस भरतीसाठी धावतील. जून २०१४ मध्ये मुंबईतील पोलीस भरतीत ५ किलोमीटर धावण्याच्या चाचणीनंतर काही तरुण उमेदवारांचे प्राण गेले. जून हा पावसाच्या तोंडाचा महिना. हवा उष्ण आणि बाष्पाने भरलेली असते. अशा वेळी नोकरीच्या आशेने जीव तोडून धावणाऱ्या मुलाला ‘थांब’ असे सांगणारी वही कोणाजवळ तरी असायला हवी.

म्हणून या खुणा लक्षात ठेवा. धावणारा सोबती अडखळू लागला, विसंगत बोलू लागला, त्याला दिशा कळेनाशी झाली, तर तो ‘दमला आहे’ असे समजून सोडून देऊ नका. त्याचे अंग घामाने ओले असले तरी तो उष्माघात असू शकतो. त्याला ताबडतोब सावलीत न्या, अंगावर भरपूर थंड पाणी ओता, वारा घाला आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. पाणी तहानेप्रमाणे प्यावे. भीतीपोटी लिटरच्या लिटर नुसते पाणी पिणेही घातक, कारण त्यामुळे रक्तातील सोडियमचे प्रमाण घसरते.

करून पाहा

दोन सारखे तापमापक घ्या. एकाच्या फुग्याभोवती मलमलीचे ओले फडके गुंडाळा आणि त्याचे टोक पाण्याच्या वाटीत सोडा. दोन्ही सावलीत टांगून पुठ्ठ्याने वारा घाला. पाच मिनिटांनी दोन्ही तापमाने वाचा. ओला फुगा म्हणजे घामाने भिजलेला धावपटू. २० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेच्या पहाटे तो सुमारे १८ अंश दाखवील, तर २८ अंश आणि ८० टक्क्यांच्या पहाटे सुमारे २५ अंश.

शिक्षकांनी मुलांच्या एका गटाकडे हे काम सोपवावे आणि वर्षभर, आठवड्यातून एकदा सकाळी सहा वाजता, ही नोंद वर्गातील तक्त्यावर लिहून घ्यावी. शाळेच्या शर्यतीचा दिवस आणि तास ठरवताना तो तक्ता समोर ठेवावा. ओला फुगा जितका खाली, तितका तो दिवस उच्चांकासाठी चांगला. आणि ज्या सकाळी दोन्ही तापमापक वर चढून एकमेकांच्या जवळ येऊन बसतील, त्या सकाळी घड्याळ घरी ठेवून सावकाश धावावे.